खलनायिका नुसती सुंदर असून भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही विज्ञानकथेवरची मालिका लिहिताय, परग्रहावरच्या एका साम्राज्याची सेनापती तिच्यातली मुख्य खलनायिका आहे. ज्यांनी ज्यांनी वाचलं ते म्हणतात की बाई देखणी आहे, पण तिच्याकडे ओढ काही वाटत नाही. शिवाय तुम्हाला दुसरी धास्ती आहे, की ओढ वाटायला लावली तर तिचं क्रौर्यच आपण सजवून मांडल्यासारखं होईल. दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. टीव्हीसाठी पटकथा लिहिण्यात आणि दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जे सांगतेय ते कारागिराच्या बाजूने सांगतेय.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेला प्रवेश मी दोनदा वाचला. सेनापती पहिल्यांदा दिसते तो. पोशाख, चाल, ओठांचा रंग, आवाजातला खर्ज, सगळं तपशिलात आहे. समोर बेड्या घातलेला नायक उभा आहे, आणि त्याच्याबद्दल तिला काय कळलंय, काय कळून घ्यायचंय, याचा एक शब्द नाही. अडलंय ते इथे. प्रेक्षक खलनायकाकडे ओढला जातो तो त्याने समोरच्या माणसाकडे दिलेल्या संपूर्ण लक्षामुळे. नायकाचे मित्र त्याला गृहीत धरतात, वरिष्ठ त्याला हुकूम सोडतात, घरच्यांना त्याची काळजी असते. त्याला पानापानाने वाचून काढणारं माणूस एकच असतं, आणि नेमकं तेच त्याच्या मुळावर उठलेलं असतं. पडद्यावरची धग या पेचातून येते. चेहरा आणि कपडे ती वाढवतात, पेटवत नाहीत.

'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेतला 'स्पेस सीड' हा भाग बघा, फेब्रुवारी १९६७ मध्ये दाखवलेला. रिकार्डो माँटलबानने रंगवलेला खलनायक खान दोन शतकांच्या झोपेतून जागा होतो. अवकाशजहाजावर मार्ला मॅकगिव्हर्स नावाची इतिहासतज्ज्ञ आहे, गेलेल्या काळातल्या पराक्रमी पुरुषांची चित्रं रंगवण्याचा तिला छंद. खान तिला पहिल्यांदा नीट बघतो तेव्हा विचारतो की केस असे का बांधतेस, तुला शोभत नाहीत, आणि स्वतःच्या हाताने ते बदलतो. पुढच्या भेटीत ती तशाच केसांनी येते. मग तो तिच्या खोलीत जातो, चित्रं बघतो, त्यांत त्याचं स्वतःचंही अर्धवट चित्र असतं. या बाईला कशाची भूक आहे हे त्याला तेवढ्यात कळतं. तो तिला सांगतो की राहा किंवा जा, पण तुझ्या मर्जीने. ती म्हणते, थोडा वेळ थांबते. त्यावर तो म्हणतो की नाही, आता थांबू देण्याची विनंती कर.

हा शेवटचा वळसा मी शिकाऊ लेखकांना पुन्हा पुन्हा दाखवते. आधी दार उघडं ठेवलंय, ती पाय रोवून उभी राहिली, आणि तेव्हाच त्याने किंमत वाढवली. मोहिनी आणि जुलूम दोन वेगळ्या प्रसंगांत वाटून दिलेले नाहीत, एकाच वाक्यात आहेत. त्या भागात मला खटकतं ते मॅकगिव्हर्सचं पात्र. फ्लीटमधली प्रशिक्षित अधिकारी, पण तिला स्वतःचा हेतूच दिलेला नाही, निव्वळ भुलण्यापुरती ती आहे. खान तोलामोलाचा झाला, ती झाली नाही, म्हणून आज तो प्रसंग बघताना ओढीबरोबर चीडही येते.

कपड्यांबद्दल बोलायचंच तर बीबीसीच्या 'ब्लेक्स सेव्हन'मधल्या सर्व्हलान या खलनायिकेबद्दल बोलू. मालिका १९७८ ते १९८१ चालली, पैसे जेमतेम, परग्रह म्हणून बहुतेक वेळा दगडाच्या खाणी. त्या खडीधोंड्यांत जॅकलिन पिअर्स लांब पांढऱ्या गाऊनमध्ये, उंच टाचांवर चालत येते. केस अगदी बारीक कापलेले. आजूबाजूचे सैनिक चिलखतात, आणि त्यांची सर्वोच्च अधिकारी मेजवानीला निघाल्यासारखी. तो पोशाख सांगतो की चिखल तुडवणं, गोळ्या झेलणं हे दुसऱ्यांचं काम आहे, माझं नाही. म्हणजे कपड्यातून सत्ता दिसते, आणि त्या सत्तेला वाटणारा आराम दिसतो. घट्ट काळ्या चामड्यातून हे दिसलं नसतं. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला, जानेवारी १९८० च्या 'आफ्टरमाथ' भागात, ती बंडखोरांच्या टोळीतल्या अ‍ॅव्हनला म्हणते की आपण दोघं मिळून राज्य करू. दोघं एकमेकांचं चुंबन घेतात आणि त्याचा हात तिच्या गळ्यावर जातो. तिचा प्रस्ताव खरा आहे, त्याला वाटलेला मोहही खरा आहे, आणि तिला जिवंत ठेवलं तर ती आपल्याला मारेल हे त्याला ठाऊक आहे तेही खरं. तिन्ही गोष्टी एका क्षणात खऱ्या ठेवणं अवघड असतं. पॉल डॅरो आणि पिअर्सने ते केलं, म्हणून ते काही सेकंद त्या मालिकेच्या चाहत्यांच्या अजून तोंडी आहेत.

'स्टार ट्रेक'चे वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांच्या नावावर एक आडाखा सांगितला जातो: पोशाख किती उघडा आहे यापेक्षा तो कुठल्याही क्षणी निसटेल असं किती वाटतं यावर त्याची मादकता ठरते. वेशभूषेपुरतं ठीक आहे. लेखनात मी हाच आडाखा माणसाच्या संयमाला लावते. खलनायिकेने स्वतःवर ठेवलेला ताबा कुठेतरी निसटेल अशी शक्यता दिसली पाहिजे. तुमची सेनापती पहिल्यापासून शेवटपर्यंत ताब्यातच आहे, तिचं काही पणाला लागलेलं नाही. जिचं काही निसटणारच नाही तिच्याकडे बघत राहावंसं का वाटेल?

आता विज्ञानकथेचं स्वतःचं बळ कशात आहे ते बघू, कारण हाच प्रश्न गुन्हेगारी मालिकेबद्दल विचारला असता तर उत्तर बरंच वेगळं झालं असतं. विज्ञानकथेत शरीर ही दिलेली वस्तू नसते. ते बनवता येतं, त्याच्या प्रती काढता येतात, दुसऱ्याच्या मेंदूत शिरता येतं. त्यामुळे इथल्या आकर्षणाच्या पोटात कायम एक प्रश्न असतो, की मी ज्याच्याकडे ओढला जातोय तो कोण आहे, कोणी आहे का? 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची डिसेंबर २००३ ची लघुमालिका या प्रश्नानेच उघडते. युद्धानंतर ठरलेल्या अवकाशस्थानकावर माणसांचा एक म्हातारा अधिकारी दरवर्षी येऊन बसतो, सायलॉन यंत्रमानवांकडून कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. या वेळी दार उघडतं, दोन धातूचे सैनिक येतात, आणि त्यांच्यामधून ट्रिशिया हेल्फरची नंबर सिक्स चालत येते. ती त्याच्या अगदी जवळ येऊन विचारते की तू जिवंत आहेस का. तो हो म्हणतो. ती म्हणते, सिद्ध कर, आणि त्याचं चुंबन घेते. बाहेरून स्थानकावर मारा सुरू होतो, तो हादरतो, ती तशीच.

त्या प्रसंगात देहाचं आकर्षण आहेच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण दृश्य टिकतं ते तिच्या कुतूहलामुळे. माणूस असणं म्हणजे काय हे तिला खरोखर जाणून घ्यायचंय, आणि ज्याला विचारतेय त्याला ती काही क्षणांत मारणार आहे. पुढे बाजारात ती एका तान्ह्या बाळाला निरखून बघते, मान किती नाजूक आहे म्हणते, आणि ती मोडते. कुतूहल तेच, जवळीक तीच. लेखकांनी पात्राला दोन स्वभाव दिलेले नाहीत. त्याच मालिकेत नंतर, 'पेगासस' भागात, त्याच चेहऱ्याची दुसरी प्रत माणसांच्या कोठडीत छळ सोसून जमिनीवर पडलेली दिसते, आणि इतके दिवस जो चेहरा मोहाचा होता तो बघवत नाही. प्रेक्षकाच्या नजरेची एवढी उलटतपासणी विज्ञानकथाच घेऊ शकते, कारण तिथे एकाच चेहऱ्याच्या दोन बायका असणं हा योगायोग नसतो.

'फारस्केप'मधला स्कॉर्पियस घ्या. वेन पिग्रॅमने रंगवलेला हा खलनायक जानेवारी २००० मध्ये, पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे येतो. पांढराफटक चेहरा, दात किडल्यासारखे, नखशिखांत काळा चामडी पोशाख. वर्णन ऐकून कुणाला आकर्षण वाटणार नाही, आणि तरी तो पडद्यावर आला की नजर हलत नाही. तो पोशाख त्याला जिवंत ठेवणारं उपकरण आहे. त्याच्या रक्तात दोन जमाती आहेत, एकीला उष्णता मानवते आणि दुसरीला ती मारते, म्हणून त्याच्या डोक्यातून थंडाव्याच्या कांड्या बाहेर काढून बदलाव्या लागतात. ते काम सहायिकेच्या हातून होतानाही दाखवलंय. कवटी उघडते, कांडी फिरत बाहेर येते, आणि हा माणूस तेवढा वेळ दुसऱ्याच्या हवाली असतो. ताप, थंडावा, स्पर्श, परावलंबन, सगळं तिथे आहे आणि एक बटणही सुटलेलं नाही. शिवाय तो आवाज चढवत नाही, नायकाला नावाने हाक मारतो, सभ्यपणे बोलतो. त्या नायकाच्या, क्रायटनच्या, मेंदूत दडलेलं ज्ञान त्याला हवंय, म्हणून त्या एका माणसाबद्दल त्याच्याइतका धीर दुसऱ्या कुणाकडे नाही. ऐंद्रिय लिहिणं म्हणजे नेमकं काय असं कुणी विचारलं की मी त्या कांड्यांचा प्रसंग बघायला सांगते.

उलट टोकाला 'स्टारगेट एसजी-वन'च्या पहिल्या पर्वातला १९९७ चा 'हॅथोर' भाग. स्वतःला देवी म्हणवणारी हॅथोर श्वासातून एक द्रव्य सोडते आणि लष्करी तळावरचे पुरुष तिच्या कह्यात जातात. झालं. कुणाला काय हवं होतं, कुणी कशाला बळी पडलं, हा प्रश्नच उरत नाही. मोहाच्या जागी औषध आलं की नाट्य संपतं. त्याहून गंभीर म्हणजे नायकांच्या चमूतल्या डॅनियलवर तिथे जे होतं ती सरळ जबरदस्ती आहे, आणि भाग ते तसं म्हणत नाही, गंमतीच्या अंगाने पुढे सरकतो. तुमच्या आराखड्यात सेनापतीच्या ग्रहावरच्या 'मोहक परागकणां'चा उल्लेख आहे. कृपा करून ते काढा.

देह अजिबात नसतानाही भुरळ कशी पडते याचा नमुना 'बॅबिलॉन ५'मध्ये आहे. १९९४ च्या 'साइन्स अँड पोर्टंट्स' भागात नीटस सूटमधला मॉर्डन नावाचा हसतमुख माणूस राजदूतांना एकेक करून गाठतो आणि विचारतो, तुम्हाला काय हवंय? कुणी हाकलतं, कुणाचं उत्तर अपुरं पडतं. लॉन्डो मोलारी वैतागून वैतागून शेवटी पोटातलं ओकतो: आपल्या लोकांचं गेलेलं वैभव परत हवंय. ते ओकून टाकताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ती कुठल्याही शृंगारदृश्याच्या तोडीची आहे, कारण कित्येक वर्षांत त्याला हे कुणी विचारलेलंच नव्हतं. लाखो जीव जाणार ते या उत्तरापायी. पुढे मॉर्डन हाच प्रश्न लॉन्डोच्या साध्याभोळ्या सहायकाला, व्हिरला विचारतो आणि तो सांगतो की तुझं मुंडकं भाल्यावर टांगलेलं बघायचंय. लक्ष देणाऱ्याला असंही उत्तर मिळू शकतं, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. तुमच्या नायकालाही अशी जीभ द्या.

आता तुमची दुसरी शंका. आकर्षक खलनायक लिहिला की एक धोका येतोच: प्रेक्षक त्याच्या बाजूने बोलू लागतात. 'डीप स्पेस नाइन'मध्ये गल डुकाटचं असंच झालं. मार्क अलायमोने त्याला इतकं रुबाबदार केलं की ज्या ग्रहावर त्याने कब्जा करून अत्याचार केले तिथल्याच किरा नरीसशी त्याचं जुळवावं असा विचारही लेखकांमध्ये झाला. किराचं काम करणाऱ्या नाना व्हिझिटरने त्याला ठाम विरोध केला, आणि तिचं बरोबर होतं. मालिकेने मग जे केलं ते शिकण्यासारखं आहे. डुकाट किराला एक सुंदर ड्रेस भेट पाठवतो. ती तो परत करते. तोच ड्रेस तो स्वतःच्या मुलीला देऊन टाकतो. कुणी भाषण दिलेलं नाही, पण त्या एका कृतीत कळतं की त्याने किराकडे दिलेलं सगळं लक्ष त्याच्या स्वतःकडेच वळत होतं. समोर कोण आहे याने त्याला फरक पडत नाही, नकार मिळाला हा डाग पुसला जाण्याशी मतलब. ज्या लोकांना चिरडलं त्यांनी आपला एक पुतळाही उभारला नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. १९९८ च्या 'वॉल्ट्झ' भागात तर त्याच्या तोंडून सरळ द्वेषच बाहेर काढला आहे. काहींना तो भाग फार थेट वाटतो. मला विचाराल तर ड्रेसने जे सांगितलं त्यानंतर एवढ्या जोराची गरज नव्हती, पण प्रेक्षकांचं त्याच्यावर जडलेलं प्रेम बघता लेखकांना ती का वाटली हे समजतं.

२०१५ ची 'जेसिका जोन्स' याच्या पुढे जाते. किलग्रेव्हने सांगितलेलं समोरच्याला करावंच लागतं. भूमिकेत डेव्हिड टेनंट, म्हणजे आधीपासून लोकांच्या गळ्यातला ताईत असलेला नट. उंची कपडे, उंची हॉटेलं, बोलणं मिठ्ठास. तो जेसिकाचं लहानपणचं घर विकत घेतो आणि तिच्या खोलीतल्या वस्तूंसकट होतं तसं पुन्हा उभं करतो. मी वर ज्या लक्षाबद्दल बोलले त्याचा याहून पुरा नमुना सापडणार नाही, आणि ते घर बघताना अंगावर काटा येतो. कारण या सगळ्यात तिची मर्जी कुठेच नाही. पंचतारांकित हॉटेलांत ठेवलं, चांगलंचुंगलं खाऊ घातलं, असं तो म्हणतो तेव्हा ती त्याला तोंडावर सांगते की तो बलात्कार होता. मालिका तो अत्याचार पडद्यावर दाखवत नाही. त्याची खूण तिच्या दचकण्यात, दारूत, रस्त्यांची नावं पुटपुटण्यात दिसते. खलनायकाची मोहिनी पूर्ण ठेवूनही क्रौर्य सजवलं जात नाही ते अशाने.

म्हणजे तुम्हाला सांभाळायची जागा एकच आहे. लक्ष देणारी व्यक्ती समोरच्याला नकाराची वाट ठेवते तोवर ओढ असते. ती वाट बंद होते तेव्हा प्रेक्षकाला ते दिसलं पाहिजे. खानच्या प्रसंगात तो क्षण एका वाक्याचा आहे, डुकाटच्या बाबतीत एका ड्रेसचा, किलग्रेव्हच्या बाबतीत ती वाट कधी नव्हतीच. तुमच्या सेनापतीचा तो क्षण कुठला, हे ठरवल्याशिवाय पुढचा भाग लिहू नका.

अलीकडचं उदाहरण म्हणून 'स्टार वॉर्स'च्या विश्वातली 'अँडोर' जरूर बघा. साम्राज्याच्या गुप्तहेर खात्यातली डेड्रा मीरो कडक गणवेशात, आवळून बांधलेल्या केसांत, फायलींत बुडालेली. कुणाला मोहात पाडण्याचा तिचा इरादा नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दंगलीत जमाव तिला खाली ओढतो आणि सिरिल कार्न नावाचा तरुण तिला बाहेर काढून एका खोलीत आणतो. ती थरथरतेय, श्वास लागलाय, दोघं अगदी जवळ उभे आहेत. आभार मानायला हवेत असं काहीसं ती बोलते. त्यापलीकडे काही होत नाही, आणि शिस्तीवर जीव जडलेली ही दोन माणसं एकमेकांना तेवढ्यात ओळखतात. बघणारा हळवा होतो, आणि मग त्याला आठवतं की याच बाईच्या हुकमाने बिक्स नावाच्या कैदी तरुणीला मरणाऱ्या पोरांच्या किंकाळ्या ऐकवून छळलं होतं. ती आठवण करून द्यायला मालिका थांबत नाही. प्रेक्षकाला स्वतःला आठवू देते.

तुमच्या प्रवेशाकडे परत येते. पोशाखाची एकच ओळ ठेवा आणि त्या पोशाखाला काहीतरी काम द्या. सेनापतीला नायकाबद्दल अशी एक गोष्ट ठाऊक असू द्या जी त्याच्या सोबत्यांना ठाऊक नाही, आणि ती तिने धमकीसाठी न वापरता त्याला नुसती सांगावी. तिला त्याच्याकडून काहीतरी हवं असू दे जे बळाने मिळणार नाही, एखादं मत, एखादी कबुली, एखादं नाव. बेड्या काढायला लावा. दार उघडं ठेवा, आणि तो निघाला तर कुणाला किंमत मोजावी लागेल हे त्याला दिसू द्या. त्याला निदान एकदा तिला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारू द्या, आणि उत्तर द्यायला तिला एक श्वास जास्त लागू द्या. तिच्या ताब्याला पडलेली पहिली चीर ती असेल.

जवळिकीचा भाग लिहाल तेव्हा 'दोघं जवळ येतात, वातावरण तापतं' एवढं लिहून दिग्दर्शकावर सोडू नका. कोण पुढे सरकतं, कुठे थांबतं, कुणाचा हात कशावर आहे, कोण आधी मागे होतं, हे संहितेत असू द्या. लेखकाने जागा मोकळी सोडली की चित्रीकरणाच्या दिवशी ती घाईत भरली जाते आणि बहुधा नटीच्या गैरसोयीने भरली जाते. एचबीओने २०१८ पासून अशा प्रसंगांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीची दृश्यं नटांच्या संमतीने बसवणारी व्यक्ती, नेमायला सुरुवात केली, आता इतरत्रही नेमतात. तुमच्या निर्मात्याकडे तशी व्यक्ती असेल तर लिहितानाच तिच्याशी बोला. तिला लागतो तो तपशील म्हणजे कोणाची हालचाल कोणाच्या इच्छेने होते हा, आणि या प्रवेशात तोच तुम्हालाही ठरवायचा आहे.